घाटावरची मेंढरं रानात बसवू की नको?

प्रश्न : भातकापणी झाली की घाट उतरून धनगर येतात आणि आमच्या शेतात खतासाठी मेंढरं बसवतात. यंदा शेजारी म्हणतात, त्यांच्यामुळे गुरांना लाळ्या खुरकूत होतं. मेंढरं तर ठणठणीत दिसतात. माझ्याकडे दोन गाई, एक म्हैस, चार शेळ्या आहेत. काय करू? – एक शेतकरी, माणगाव

उत्तर : ‘ठणठणीत दिसतात’ यावर जाऊ नका. हा विषाणू गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्या, डुकरं, सगळ्यांना धरतो. गाईला झाला तर लपत नाही : तोंडातून लाळेच्या तारा, जिभेची साल निघालेली, दूध आटलेलं. मेंढी मात्र दोन दिवस लंगडते आणि कळपात मिसळून जाते. २००१ साली ब्रिटनमध्ये रोग ओळखू येण्याआधीच बाजारातून फिरलेल्या मेंढ्यांनी तो दूरवर नेला होता.

तेव्हा मेंढपाळाला विचारा, वाटेत कोकरं अचानक मेली का? कोवळ्या पिलांच्या हृदयावरच विषाणू घाला घालतो. फोड यायच्या आत कोकरू जातं. मग लंगडणारी मेंढी धरून खुराची बेचकी बघा, वरची हिरडी बघा. तिथं पुढचे दात नसतातच, बारीक फोड असला तर तिथंच सापडतो. धनगर रागावणार नाही. जनावर त्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं.

काही आढळलं नाही तर खुशाल बसवा. लेंडीखत सोडा असं मी कशाला सांगू? फक्त वाडगं गोठ्यापासून लांब आणि पाणी वेगळं ठेवा. गोठ्याच्या दारात सोड्याच्या पाण्यात भिजवलेलं पोतं टाका : १० लिटरला ४०० ग्रॅम, धुण्याचा सोडा, खाण्याचा नव्हे. लस मात्र आधीच हवी, कारण तिचा गुण यायला दोन-तीन आठवडे लागतात. शेळ्यांनाही टोचून घ्या.

आणि सगळा दोष मेंढरांच्या माथी नको. नोकरीत मी पाहिलेल्या बऱ्याचशा साथी बाजारातून आणलेल्या गाईमागे आल्या आणि गोठ्यागोठ्यांतून फिरणाऱ्यांच्या हातापायांनी पसरल्या. त्यात धार काढणारे आले, व्यापारी आले, आणि आम्ही डॉक्टरही. फोड दिसण्याआधीच दुधात विषाणू असतो, हे कुणी ध्यानातच घेत नाही.

तुमच्या शेळ्यांना मेंढरांकडून खरी भीती पीपीआरची, म्हणजे शेळ्या-मेंढ्यांना होणाऱ्या एका वेगळ्या विषाणूजन्य साथरोगाची : नाक वाहणं, तोंड येणं, हगवण. त्याची लस वेगळी असते, तीही राहिली असेल तर आधी उरका. लम्पीचं विचाराल तर तो गाई-म्हशींचा आजार, चावणाऱ्या माश्या-डासांनी पसरणारा. त्यासाठी मेंढरं अडवायचं कारण नाही.