उजनीच्या काठावर सौर दुर्बीण का नाही?

तुमचा प्रश्न रास्त आहे: सोलापुरात उन्हाला तोटा नाही, उजनीचं एवढं पाणी आहे, मग २ मीटर आरशाची नियोजित राष्ट्रीय सौर दुर्बीण लडाखात पँगाँगकाठच्या मेराकला कशासाठी?

ऊन लागतंच, पण खरी गरज शांत हवेची. सूर्यावरची कणीदार नक्षी दिसते ना, तिचा एकेक कण सुमारे १,००० किलोमीटर रुंद, तरी इथून तो जेमतेम दीड आर्कसेकंदाचा (आर्कसेकंद म्हणजे एका अंशाचा ३,६००वा भाग). २ मीटरच्या दुर्बिणीने त्याहून कितीतरी बारीक, पन्नासेक किलोमीटरचे तपशील टिपायचे असतात. आणि ज्याला बघायचं, तोच सूर्य जमीन तापवून हवा ढवळतो. त्यात आपली काळी माती! ज्वारी निघाली की रान उघडं पडतं आणि दहा वाजेपर्यंत तापतं. अकराच्या सुमारास स्लॅबवरून, फिल्टर लावलेल्या दुर्बिणीतून सूर्याची कड बघा, उकळल्यासारखी हलते. सूर्यावरच्या डागाभोवतीच्या उपछायेचे, म्हणजे फिकट कडेचे, धागे पुसून जातात. तीच दुर्बीण सकाळी आठला हिप्परगा तलावाकाठी, वारा पाण्यावरून येईल अशी लावा. फरक लगेच कळेल.

म्हणून तुमचा पाण्याचा मुद्दा बरोबरच आहे. उदयपूरची सौर वेधशाळा फतेहसागर तलावातल्या बेटावर आहे, कॅलिफोर्नियातली बिग बेअर तळ्यातच. पाणी जमिनीसारखं झटकन तापत नाही, त्यामुळे वरची हवा स्थिर राहते. पण उजनी नेमकी उन्हाळ्यात, आकाश मोकळं असताना, आटते आणि मैलभर गाळ उघडा पडतो. पावसाळ्याचे ढग वेगळेच.

उंचीचं तर काही करता येत नाही. मेराक ४,००० मीटरच्या वर आहे. तिथे हवा विरळ, धूळ कमी, बाष्प कमी, त्यामुळे अवरक्त (इन्फ्रारेड) किरणांतही काम होतं. अंगठ्याने सूर्य झाका आणि कडेचं आकाश बघा: आपल्याकडे उन्हाळ्यात ते पांढुरकं दिसतं. प्रभामंडळाच्या, म्हणजे सूर्याच्या बाहेरच्या वातावरणाच्या, अभ्यासाला तिथे गडद निळं हवं. हवाईतली ४ मीटरची इनोये दुर्बीणही सुमारे ३,००० मीटरवर, हालेआकाला डोंगरावर आहे.

सोलापुरातून रोजची डागमोजणी मात्र उत्तम होते. त्याला लहान दुर्बीण पुरते आणि आपले निरभ्र दिवस तिथे खरंच कामी येतात. वेळ सकाळची धरा, स्लॅबपेक्षा गवतावर उभे राहा. फिल्टर पुढच्या भिंगावरच लावा. आयपीसला (डोळ्याजवळच्या भिंगाला) लावायचे जुने काळे फिल्टर उष्णतेने तडकतात आणि डोळा जातो.