१६ कोटींची वाट पाहू नका

प्रश्न : आमच्या पाच महिन्यांच्या बाळाला एसएमए टाइप-१, म्हणजे स्नायू दुबळे करत नेणारा दुर्मिळ जनुकीय आजार आहे. वजन सहा किलो. जीन थेरपीला १६ कोटी लागतात म्हणून क्राउडफंडिंग सुरू केलंय. नातेवाईक म्हणतात, हायकोर्टात जा, सरकार देईल. देईल का? – एक आई, मानेवाडा, नागपूर

उत्तर : ताई, १६ कोटींचा आदेश मिळेल अशी आशा मी तुम्हाला लावणार नाही. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणात मे २०२२ मध्ये बदल झाला. त्यानुसार मदतीची मर्यादा ५० लाख. केरळ उच्च न्यायालयाने एका एसएमए रुग्णाला त्याहून जास्त द्यायला सांगितलं, तर सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याला स्थगिती दिली. राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ चा जगण्याचा हक्क तुमच्या बाळाला आहेच, आणि ही मर्यादा मला स्वतःला अन्यायाची वाटते. पण आपण तारखा घेत बसू तोवर बाळाच्या मज्जारज्जूतल्या चेतापेशी मरत राहतील. गेलेल्या पेशी कुठलंच औषध परत आणत नाही.

म्हणून डॉक्टरांना आजच रिस्डिप्लामबद्दल विचारा. एसएमएवरचं, रोज तोंडाने द्यायचं औषध आहे. याची बाटली सहा लाखांच्या घरात होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये पेटंटच्या वादात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने नॅटको कंपनीला हेच औषध विकण्यापासून अडवायला नकार दिला, सर्वोच्च न्यायालयानेही हात घातला नाही, आणि नॅटकोची जेनेरिक (म्हणजे तेच औषध, मूळ ब्रँडशिवाय) बाटली १५,९०० रुपयांना बाजारात आली. बाटलीत ६० मिलिग्रॅम औषध. या वयात किलोमागे रोज ०.२ मिलिग्रॅम धरलं तर तुमच्या बाळाला ती सुमारे ५० दिवस पुरते. वजनाबरोबर खर्च वाढेल. तरीही ५० लाखांत कितीतरी वर्षं निघतील. औषध कोणतं, हे मात्र डॉक्टरच ठरवतील.

धोरणाचे पैसे पालकांच्या हाती येत नाहीत, उपचार केंद्राकडे जातात. आपल्या राज्यात मुंबईचं केईएम असं केंद्र आहे. जनुकीय तपासणीचा अहवाल घेऊन तिथे नोंदणी करा. केंद्र सरकार आणि राज्य सरकारच्या आरोग्य खात्यांना लेखी निवेदन द्या, पोच जपून ठेवा. उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर अनुच्छेद २२६ खाली नागपूर खंडपीठात रिट याचिका करता येते. मागणी नेमकी असू द्या : ५० लाखांच्या मर्यादेत औषध ताबडतोब सुरू करावं, आणि तसा अंतरिम (निकालाआधीचा तात्पुरता) आदेश पहिल्याच तारखेला मिळावा. ‘सरकारने सगळा खर्च करावा’ अशी मोघम मागणी केली की सरकारी वकील मुदत मागून घेतात.

क्राउडफंडिंग थांबवू नका. पैसे शक्यतो थेट रुग्णालयाच्या खात्यात जाऊ द्या, हिशेब लिहून ठेवा.

वकिलाच्या फीसाठी अडून राहू नका. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया आणि मुलांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. सिव्हिल लाइन्सला, हायकोर्टाच्या विधी सेवा उपसमितीकडे बाळाच्याच नावाने अर्ज करा. सोबत अहवाल, डॉक्टरांची चिठ्ठी आणि निवेदनाची पोच जोडा.