वाचक विचारतात: आवाक्यातली उघड्या टपाची जुनी गाडी

टप उघडणाऱ्या जुन्या गाड्यांबद्दल या वेळी सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून बरीच पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

प्रश्न: घरात एक कार आहे. कास, ठोसेघर, सज्जनगड असं फिरायला टप काढता येणारी दुसरी गाडी घ्यायची आहे. सगळं मिळून चार लाख आहेत, त्यातच दुरुस्तीही आली. जिप्सी घ्यावी, जुनी थार की साधी जीप? (कोरेगाव)

एवढ्या पैशात आमची पसंती सॉफ्ट टॉपच्या, म्हणजे कापडी टपाच्या, पेट्रोल जिप्सीला. त्यातही 2000 पासून आलेलं एमपीएफआय इंजिन बघा, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इलेक्ट्रॉनिक इंजेक्टरने पेट्रोल घेणारं. 1298 सीसी आणि साधारण 80 अश्वशक्ती. त्याआधीच्या कार्बोरेटरवाल्या 1.3 लिटर इंजिनाची ताकद 60 च्या आसपास होती आणि 1985 पासूनच्या पहिल्या 970 सीसी गाड्यांची 45. चार माणसं घेऊन यवतेश्वरचा घाट चढताना हा फरक लगेच कळतो. कार्बोरेटरच्या गाडीला आज आणखी एक अडचण आहे. पंपावर आता 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, त्याने जुने रबरी पाइप आणि गाडीतल्या पेट्रोल पंपाचा पडदा लवकर खराब होतो. तरीही कार्बोरेटरचीच घेतलीत तर टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचे सगळे पाइप घेतल्या घेतल्या बदला. गरम इंजिनावर पेट्रोल टपकलं तर आग लागू शकते.

2010 ते 2020 मधली थार सीआरडीई (कॉमन रेल डिझेल इंजिनाची) जास्त आरामाची आणि दमदार गाडी आहे, 2.5 लिटर डिझेल आणि 105 अश्वशक्ती. पण तुमच्या पैशात बहुधा थकलेलीच वाट्याला येईल, आणि इंजेक्टर, टर्बो, पंप यातलं एक काम निघालं तरी राखून ठेवलेले पैसे तिथेच संपतात. डीआय (साध्या, जुन्या पद्धतीच्या डिझेल) इंजिनाची थार किंवा जुनी मेजर जीप दणकट आहे, गावोगाव दुरुस्त होते. मात्र आवाज आणि हादरे इतके की महामार्गावर साताऱ्याहून पुण्याला जाणं नकोसं होतं. शेतात आणि गावात वापरायची असेल तरच ती घ्या.

चार लाखांतले गाडीवर तीनच्या वर घालवू नका. उरलेल्यात टायर, बॅटरी, टायमिंग बेल्ट, सगळी ऑइलं, ब्रेकचं काम, विमा आणि कागदपत्रं बसवायची आहेत. टायमिंग बेल्ट कधी बदलला याची नोंद विकणाऱ्याकडे नसेल तर तो बदललेलाच नाही असं धरा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. इंजिन शेवटी बघा, आधी पत्रा आणि कागद बघा. जिप्सीचं इंजिन उतरवून नवं करणारे मेस्त्री कराडला, सांगलीला आहेत, सुटे भाग मिळतात आणि खर्च आधी विचारता येतो. सडलेली चासी (गाडीखालची लोखंडी चौकट) आणि गोंधळाचे कागद मात्र कितीही पैसे ओतले तरी सरळ होत नाहीत. म्हणून गाडी कुठे राहिली तेही विचारा. महाबळेश्वर, पाचगणी, तापोळा भागात किंवा कोकणात पावसाळे काढलेली गाडी आणि दहिवडी, वडूज, आटपाडी, जतच्या कोरड्या हवेत राहिलेली गाडी, दोन्ही एकाच वर्षाच्या असल्या तरी खालून बघितल्यावर वेगळ्या दिसतात. माण-खटावकडची मिळाली तर दहा-वीस हजार जास्त द्यायला हरकत नाही.

बघायला जाताना टॉर्च, लोहचुंबक आणि जुना पेचकस बरोबर ठेवा. मॅटिंग उचलायला लावा. विकणारा नको म्हणाला तर तिथूनच परत फिरा. पायाखालचा पत्रा, पुढच्या काचेच्या चौकटीचा खालचा कोपरा, स्टेपनी ज्यावर लटकते त्या मागच्या दाराची बिजागरी आणि बॉडी जिथे चासीवर बसते ते रबराचे माउंट, गंज इथेच आधी धरतो. चुंबक चिकटला नाही तर तिथे रंगाखाली पुट्टी आहे. मग गाडीखाली जा आणि मागच्या पाट्यांचे (स्प्रिंगच्या पट्ट्यांचे) शॅकल जिथे चासीला धरलेले असतात तिथे पेचकसाने टोचा. वरवरचा गंज खरवडला की खाली घट्ट लोखंड लागतं, ते चालेल. पापुद्रे सुटत असतील किंवा पेचकस आत जात असेल तर गाडी सोडा. नुकताच मारलेला जाड काळा रंग दिसला तर संशय धरून जास्त जोराने टोचा.

पुढचं चाक जॅकवर उचला, वर आणि खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर चाकाचं बेअरिंग गेलं आहे, ते काम स्वस्तात होतं. ब्रेक दाबूनही खेळ राहिला तर किंगपिनचे (ज्यावर पुढचं चाक वळतं त्या खिळीचे) बेअरिंग संपले आहेत. अशी गाडी 60-70 च्या वेगात खड्ड्यातून गेली की स्टेअरिंग दोन्ही हातांत धरवत नाही इतकं थरथरतं. मोठे टायर टाकलेल्या गाड्यांत हे हमखास सापडतं, कारण वाढलेलं वजन सगळं त्या बेअरिंगवर येतं.

फोर-व्हील (चारही चाकांना ताकद देणारा गिअर) मातीच्या रस्त्यावर किंवा शेतात टाकून बघा, डांबरावर नको. जिप्सीत मधला डिफरन्शियल, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअर, नाही. त्यामुळे डांबरावर वळताना पुढची-मागची चाकं एकमेकांशी भांडतात आणि ट्रान्स्फर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या डब्यावर) ताण येतो. फोर-व्हीलचा लो (सावकाश, जास्त ताकदीचा) गिअर टाकून चढावर ॲक्सिलरेटर सोडला आणि लिव्हर आपोआप बाहेर उडी मारत असेल तर ट्रान्स्फर केस उघडावा लागणार. सुटताना खालून ‘टक’ असा आवाज आला तर प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस (सांधे) किंवा ट्रान्स्फर केसचे रबर माउंट गेलेत. ते किरकोळ आहे, पण किमतीत धरून घ्या.

इंजिनासाठी दोनच गोष्टी. सकाळी थंड इंजिन तुमच्यासमोर सुरू करायला लावा, आणि मेस्त्रीकडून कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजून घ्या. चार सिलिंडरमधला फरक 14-15 पीएसआयच्या वर नको.

प्रश्न: सांगलीत एक जिप्सी बाजारभावापेक्षा फारच स्वस्तात मिळते आहे. पुरात बुडालेली असेल का? कसं ओळखायचं? (मिरज)

कृष्णेच्या 2019 आणि 2021 च्या पुरात असंख्य गाड्या पाण्याखाली होत्या, आणि त्यातल्या काही धुऊन-रंगवून आजही हातोहात फिरतात. शंका रास्त आहे.

पुढच्या सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढा. गुंडाळीच्या अगदी आतल्या भागावर मातकट रेघ दिसली तर पाणी तिथवर आलं होतं. सीटखालचे रूळ आणि स्प्रिंग बघा, ते कुणी रंगवत नाही. हेडलाइटच्या आत तळाशी गाळ, डॅशबोर्डमागच्या वायरिंगवर कोरडी माती, फ्यूज बॉक्सच्या पिनांवर हिरवट बुरशीसारखा थर, या खुणा धुण्याने जात नाहीत. पट्टे आणि सीट नवीकोरी पण बाकी गाडी जुनी, हेसुद्धा लक्षण आहे.

मग दोन्ही डिफरन्शियल आणि ट्रान्स्फर केसचे भरायचे बोल्ट उघडून तेल बोटावर घ्या. चहाच्या रंगाचं दुधाळ तेल म्हणजे आत पाणी. पण हा एकटा पुरावा धरू नका, ओढ्यातून नेलेल्या गाडीतही पाणी ब्रीदरमधून (हवेच्या भोकातून) आत जातं. विम्याचा जुना इतिहास मागा. त्या वर्षी मोठा क्लेम असेल तर उत्तर मिळालंच.

कार्बोरेटरची जुनी जिप्सी बुडून नीट उघडून-धुऊन घेतली असेल तर एकवेळ चालते, तिच्यात इलेक्ट्रॉनिक वस्तू जवळजवळ नाहीतच. एमपीएफआय गाडी बुडालेली असेल तर घेऊ नका. इसीयू (इंजिन चालवणारा छोटा संगणक) आणि सेन्सरचे जोड आतून गंजत राहतात, आणि गाडी भर पावसात कुठेतरी बंद पडते.

प्रश्न: मारुती 800 स्वस्तात घेऊन गॅरेजमध्ये टप कापून घेतला तर? (तासगाव)

करू नका. जिप्सी किंवा जीपला खाली वेगळी चासी असते, भार ती पेलते. 800 ला तशी चासी नाही, पत्र्याची पेटी हाच तिचा सांगाडा आणि टप त्यातला एक भाग. टप कापला की गाडी मधून झुकते, दारं लागेनाशी होतात, पुढची काच तडकते. उलटली तर आतल्या माणसावर काहीच उरत नाही.

कायदाही स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेत असा बदल चालत नाही, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये तेच उचलून धरलं. कलम 182अ खाली अशा प्रत्येक बदलाला 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारायला याच कारणाकडे बोट दाखवेल. आधीच टप कापलेली पद्मिनी किंवा 800 कुणी विकत असेल तर तिलाही हेच लागू.

प्रश्न: मुंबई पासिंगची वीस वर्षं जुनी जर्मन टू-सीटर जिप्सीच्या भावात मिळते आहे. पोलादी टप बटणावर डिकीत जातो, पण सध्या अडकलाय. विकणारा म्हणतो, किरकोळ काम आहे. (कराड)

किरकोळ आहे तर त्याने करून द्यावं आणि मग पैसे घ्यावेत. हे टप हायड्रॉलिकवर चालतात. डिकीत पंप असतो, तिथून बारीक नळ्यांनी सिलिंडरांकडे तेल जातं. वीस वर्षांत सिलिंडरचे सील कडक होतात आणि तेल झिरपतं. अस्तरावर तेलाचे डाग दिसले तर तेच झालं आहे. सील बदलून सिलिंडर वाचवता येतात, पण सगळे उतरवावे लागतात आणि हे काम हातात असलेला माणूस शोधायला पुण्या-मुंबईला जावं लागेल.

कधीकधी दोष खरंच छोटा असतो. डिकीतला सामानाचा पडदा जागेवर लावलेला नसेल तर अनेक गाड्यांत टप हलतच नाही, कारण तिथला स्विच परवानगी देत नाही. बॅटरी कमजोर असली तरी पंप अर्ध्यात थांबतो. तेव्हा चार्ज केलेली बॅटरी लावून, पडदा लावून, टप तीनदा उघड-बंद करून दाखवायला सांगा. तेवढ्यात चालला तर पुढचं बोलणं. नाही चालला तर सोडा. टप बंद स्थितीत ठेवून वापरू म्हणाल तर रबरी पट्ट्यांतून पहिल्याच पावसाळ्यात पाणी आत येईल आणि अशा गाड्यांचे इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिट बऱ्याचदा खालच्याच भागात असतात. शिवाय खाली जमीन इतकी जवळ की उसाच्या ट्रॉल्यांनी खड्डे पाडलेल्या रस्त्यांवर ऑइलचा चेंबर घासेल.

प्रश्न: गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म कशी? (फलटण)

देखणी, हलकी, फायबर बॉडीची दोन माणसांची गाडी. 1.2 लिटरचं रेनॉ इंजिन आहे. बॉडी गंजत नाही, पण खालचा सांगाडा गंजतो, तो तपासा. पुढची काच, दिवे, दाराची रबरं मिळवणं कठीण, म्हणून काच अखंड असलेलीच बघा. हौसेसाठी ठीक, रोजच्या वापराला नको.

प्रश्न: लष्कराच्या लिलावातून आलेली जिप्सी घ्यावी का? कागद काय बघायचे? (वाई)

गाडी चांगली असू शकते. तिचं आरटीओकडे रीतसर पासिंग झालेलं असेल, आरसी विकणाऱ्याच्या नावावर असेल तरच घ्या. “लिलावाची पावती आहे, नोंदणी तुम्ही करून घ्या” असं म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. चासीवर ठोकलेला नंबर पेन्सिलने कागदावर छापून घ्या आणि आरसीशी एकेक अक्षर ताडून बघा. नंबराभोवती वेल्डिंग किंवा घासल्याची खूण असेल तर विषय संपला. इंजिन बदललेलं असेल तर नवा इंजिन नंबर आरसीवर चढलेला हवा.

गाडीला पंधरा वर्षं झाली असतील तर नोंदणीचं नूतनीकरण झालंय का पाहा, ते पाच-पाच वर्षांचं असतं आणि त्याआधी गाडी तपासणीत पास व्हावी लागते. हलक्या खासगी गाडीचं हे शुल्क एप्रिल 2022 मध्ये 600 वरून 5000 रुपये झालं, आणि वीस वर्षांवरच्या गाडीला 2025 मध्ये ते 10000 झालं, वर पर्यावरण कर वेगळा. मुदत संपत आली असेल तर हा खर्च किमतीतून वजा करा, किंवा विकणाऱ्यालाच नूतनीकरण करून द्यायला सांगा. दुसरा मार्ग चांगला. त्यात तपासणीचा धोकाही त्याच्याकडे राहतो.

नावावर करायला फॉर्म 29 आणि 30, बँकेचा बोजा असेल तर तो उतरवायला फॉर्म 35, परराज्यातली असेल तर एनओसी आणि इथला कर. थकलेले ई-चलन आधी ऑनलाइन बघून भरायला लावा. सह्या केलेले कोरे फॉर्म हातात घेऊन गाडी चालवत राहू नका.

प्रश्न: मागच्या बाकांवर दोन लहान मुलं बसवता येतील? (सांगली)

समोरासमोरच्या आडव्या बाकांवर नको, पट्टे असले तरी. धक्क्यात मूल बाजूला फेकलं जातं आणि वर फक्त कापड आहे. मुलांसाठी घरची कार वापरा.

प्रश्न: जिप्सीचं हुड (कापडी टप) शिवून घेतलं, तरी शिवणीतून पाणी गळतं. पाऊस तर आमच्याकडे चार महिने थांबत नाही. (मेढा)

धागा सुती असेल तर तो भिजून कुजतो आणि सुईची भोकं मोठी होतात. पॉलिस्टर धाग्याने, दुमडून दुहेरी शिवण घालून घ्या आणि आतून शिवणीवर सीम सीलर (शिवणीची भोकं बुजवणारं द्रव) लावून एक दिवस वाळू द्या. काचेच्या वर जिथे हुड पट्टीत अडकतं तिथलं रबर दबलेलं असेल तर शिवण कितीही चांगली असली तरी पाणी तिथून येणार, ते आधी बदला. तपासायला पाइपचा फवारा मारू नका. बादलीने वरून सावकाश पाणी सोडा आणि आत बसून बघा, कारण पाणी एकीकडे शिरतं आणि चौकटीवरून वाहत दुसरीकडे टपकतं.

हुड ओलं असताना कधीही गुंडाळू नका, दोन दिवसांत बुरशी येते. प्लास्टिकच्या खिडक्या थंडीत सकाळी दुमडल्या तर तडकतात, ऊन लागून मऊ झाल्यावरच दुमडा. त्यांना थिनर किंवा पेट्रोल लावू नका, साधं साबणाचं पाणी आणि मऊ कापड पुरे. तळाच्या पत्र्यात रबरी बुचं असतात. पावसाळ्यात मॅटिंग काढून ती उघडी ठेवा, म्हणजे आत आलेलं पाणी साचणार नाही.