इंग्लंडमध्ये फ्लॅट भाड्याने द्यायचाय. कार्पेट कोणतं घालावं? भाडेकरूने खराब केलं तर डिपॉझिटमधून पैसे कापता येतात का?

शंभर टक्के पॉलिप्रॉपिलीन (कृत्रिम धागा), ट्विस्ट पाइल (म्हणजे वरचे उभे धागे पीळ दिलेले), मधला करडा रंग, आणि सगळ्या खोल्यांत एकच. फिकट बेजवर चहाचा थेंबही दिसतो आणि गडद रंगावर प्रत्येक धागा. लोकरीचं भाड्याच्या घरात घालूच नका. "लोकर घातली की भाडं जास्त येतं" असं आमचे थोरले दीर आजही म्हणतात. भाडं स्टेशन किती लांब आहे त्यावर ठरतं. लोकरीला मात्र कसर लागते. सोफ्याखाली, जिथे व्हॅक्यूम पोचत नाही, तिथे अळ्या धागे खाऊन टक्कल पाडतात.

पैसे खर्च करायचे ते अंडरलेवर, म्हणजे कार्पेटखालच्या गादीवर. बेडरूमला १० ते ११ मिमीचा पीयू (पॉलियुरेथेन) फोम चालतो. जिन्याला आणि पॅसेजला पातळ पण घट्ट घ्या. जिन्यावर मऊ अंडरले घातला तर पाय पडेल तसं कार्पेट हलतं आणि पायरीच्या कडेलाच आधी फाटतं. जुन्या अंडरलेवर नवं कार्पेट टाकून पैसे वाचवू नका. कुत्र्यामांजराची लघवी त्यातच मुरलेली असते, वरून कितीही धुतलं तरी दमट हवेत वास येतोच.

आता डिपॉझिट. आमच्या घराण्यातला हा जुना वाद आहे. एक भाडेकरू घर सोडून गेले तेव्हा स्कर्टिंगच्या (भिंतीच्या तळाशी लावलेल्या पट्टीच्या) कडेने बोटभर रुंदीची काळी रेघ होती, खोलीच्या चारही बाजूंनी. एजंटने अहवालात लिहिलं, "व्हॅक्यूम केलेलं नाही." दिरांनी पूर्ण कार्पेटचे पैसे मागायचं ठरवलं. मी पक्कडीने कोपरा ग्रिपरवरून (कार्पेटची कड धरून ठेवणाऱ्या खिळ्यांच्या पट्टीवरून) उचलला. खाली अंडरलेची कडही तेवढीच काळी, आणि फळ्या व स्कर्टिंग यांच्यामध्ये चांगली फट. जुन्या लाकडी जमिनीच्या घरात खालची हवा या फटीतून वर येते, कार्पेट गाळणीसारखं काम करतं आणि बारीक काजळी धाग्यात अडकते. बंद असणाऱ्या दाराच्या बरोबर खाली तशीच सरळ रेघ असेल, तर शंका घ्यायलाच नको. यात भाडेकरूचा काहीही दोष नाही, आणि ती रेघ धुऊन पूर्ण जातही नाही. उपाय कार्पेट घालण्याआधीचा आहे: जमीन आणि स्कर्टिंगमधली फट अ‍ॅक्रिलिक सीलंटने भरायची आणि अंडरलेचे जोड टेपने बंद करायचे. हे शंभर पाउंडांच्या आतलं काम आहे. दिरांना ते अजून पटलेलं नाही, पण नवं कार्पेट घालताना फटी त्यांनीच भरून घेतल्या.

पैसे कापता येतात, पण नव्या कार्पेटची पूर्ण किंमत कधीच मिळत नाही. समजा कार्पेट ६०० पाउंडांचं, आयुष्य ६ वर्षं धरलं, आणि ४ वर्षं वापरून झाली. मग ते पूर्ण वाया गेलं असलं तरी तुमचा हक्क उरलेल्या २ वर्षांचा, म्हणजे २०० पाउंड. इस्त्रीने वितळलेला ठसा हे नुकसान. दाराशी दबलेला पाइल ही नेहमीची झीज, त्याचा एक पैसाही मागू नका. बिल आणि भाडेकरू राहायला येतानाचे तारखेसह फोटो नसतील तर डिपॉझिटचे वाद सोडवणाऱ्या सरकारमान्य डिपॉझिट योजनेच्या निवाड्यात तुमची बाजू टिकणं अवघड. आणि २०१९च्या टेनंट फीज अ‍ॅक्टनंतर "जाताना व्यावसायिक क्लीनिंग करून घ्याच" ही अटही घालता येत नाही. घर मिळालं तेवढं स्वच्छ परत द्यावं, एवढंच म्हणता येतं.

आपल्याकडचे भाडेकरू असतील तर हळद सांडणारच. आधी चमच्याने खरवडून घ्या, मग पांढऱ्या कापडाने टिपा, घासू नका. कपड्यांची पावडर किंवा वॉशिंग सोडा लावलात तर डाग लाल होईल. हळदीत चुना मिसळून कुंकू करतात, तोच प्रकार. भांड्यांच्या सौम्य लिक्विडचे दोन थेंब कोमट पाण्यात घालून तेल काढा. उरलेला पिवळा रंग उन्हाने बराच उडतो. कंपनीच्या पत्रकात "ब्लीच क्लीनेबल" लिहिलेलं असेल तरच पातळ केलेलं ब्लीच वापरा, तेही आधी कपाटातल्या कोपऱ्यात लावून बघून. लोकरीवर ब्लीच पडलं तर धागाच विरघळतो. भाड्याच्या मशीनने धुताना पाणी सोडायचं एकदा आणि ओढून घ्यायचं दोन-तीनदा. ओल राहिली की खालची घाण वाळताना वर येते आणि डाग परत दिसतो.

रोलमधून उरलेला मीटरभर तुकडा माळ्यावर ठेवा, जळका भाग कापून तोच बसवता येतो. बसवताना पाइलची दिशा जुळवा, नाहीतर रंग वेगळा दिसेल.

दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. पॉलिप्रॉपिलीन तेल धरून ठेवतं आणि एकदा दबलं की पुन्हा उभं राहत नाही, त्यामुळे ते बदलायचा खर्च आधीच हिशेबात धरा. आणि वरच्या मजल्यावरचा फ्लॅट असेल तर कार्पेट काढून लॅमिनेट घालण्याआधी लीज (इमारतीच्या मालकाशी झालेला फ्लॅटचा दीर्घ मुदतीचा करार) वाचा. आवाजासाठी जमिनीवर कार्पेट हवंच, अशी अट बऱ्याच लीजमध्ये असते.