चार ट्रॅकवर आठ आवाज

वाचकांचे प्रश्न : घरगुती ध्वनिमुद्रण

प्रश्न : आमच्या भजनी मंडळाकडे चार ट्रॅकचा जुना कॅसेट रेकॉर्डर आहे. गणपतीत वाजवायला एक अभंग घरीच रेकॉर्ड करायचा आहे. तानपुरा, पेटी, तबला, बासरी, टाळ, मुख्य गायन आणि दोनदा गायलेला कोरस असे आठ आवाज होतात. ट्रॅक एकत्र करून दुसऱ्या ट्रॅकवर उतरवले की आवाज मंद होतो म्हणतात. मग कसं जमवावं? (रामबाग, इंदूर)

उत्तर : मंद होतो हे खरं. प्रत्येक नकलेत वरच्या सुरांची चमक थोडी उडते आणि टेपची सरसर वाढते. पण जुने ट्रॅक उतरवताना, म्हणजे बाउन्स करताना, माइकवरून एक नवा आवाज त्याच वेळी मिसळता येतो, आणि त्या आवाजाची ती पहिलीच नोंद असते. म्हणून नक्कल सोसणारे आवाज आधी टेपवर घ्या. ज्यांचा जीव चमकेत आहे ते बाउन्सच्या वेळी थेट वाजवा किंवा अगदी शेवटी घ्या.

सुरुवात ट्रॅक ३ वर साध्या ठेक्याने करा. तो लय धरण्यापुरताच, पुढे पुसला जाईल. मग १ वर तानपुरा आणि २ वर पेटी. आधीचं एक आवर्तन टाळी देऊन मोजा आणि ती टाळी पेटीच्या ट्रॅकवरही येऊ द्या, नाहीतर ठेका पुसल्यावर मुख्य गायनाला उठाव सापडणार नाही.

आता पहिला बाउन्स. चॅनल, म्हणजे यंत्रात आवाज येण्याच्या वाटा, यांपैकी १ आणि २ टेपवर, ४ माइकवर ठेवा. बहुतेक यंत्रांवर पॅन, म्हणजे डावं-उजवं ठरवणारं बटण, उजवीकडे केला की आवाज सम ट्रॅककडे आणि डावीकडे केला की विषम ट्रॅककडे जातो, म्हणून तिन्ही पॅन उजवीकडे करून ट्रॅक ४ रेकॉर्डला लावा. ट्रॅक ३ चा ठेका तबलजीला फक्त हेडफोनमध्ये, टेप क्यूच्या बटणातून द्या. त्याचा फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करणारी सरकती खुंटी, बंदच हवा. तबलजी खरा तबला थेट वाजवतो आणि तिन्ही वाद्यं ४ वर एकत्र येतात. तबल्याची थाप पातळीच्या काट्याला पूर्ण दिसत नाही, तेव्हा काटा −६ च्या आसपास ठेवा. पेटी गाण्याच्याच पट्टीत येते, तिला कानाला वाटते त्याहून जरा खाली ठेवा, कारण हा तोल नंतर सुटा करता येत नाही. रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, आत्ता घालू नका.

हात चुकला तर बाउन्स पुन्हा करता येतो, कारण मूळ ट्रॅक शाबूत आहेत. म्हणून फेडरच्या जागा कागदी पट्टीवर पेन्सिलीने टिपा, ट्रॅक ४ एकटाच शेवटपर्यंत ऐका, लहान स्पीकरवर हळू आवाजातही ऐका, आणि मगच १ व २ वर कोरसचे दोन थर चढवा.

दुसरा बाउन्स १ आणि २ वरून ३ वर, बासरी थेट चॅनल ३ च्या माइकवर, तिन्ही पॅन डावीकडे. इथे सगळ्यांत जास्त घोटाळा होतो. चॅनल ४ चा फेडर वर राहिला तर तबला-पेटी पुन्हा ३ वर उतरते आणि अंतिम मिक्समध्ये तीच वाद्यं दोनदा ऐकू येऊन पोकळ वाटतात. ४ हा फक्त हेडफोनमध्ये ऐकायचा. शिवाय २ आणि ३ शेजारी असल्याने हेडमध्येच आवाज एकातून दुसऱ्यात झिरपतो. शिट्टी सुरू झाली तर चॅनल २ चा ट्रेबल उतरवा.

मोकळ्या झालेल्या १ वर मुख्य गायन, २ वर टाळ. आता एकदा नक्कल झालेले फक्त तानपुरा, पेटी आणि कोरस. बाकी सगळे ताजे. दर बाउन्सला थेट आवाज जोडत गेलं तर चार ट्रॅकवर ४+३+२+१ असे दहा आवाजही कुणाचीच दुसऱ्यांदा नक्कल न करता बसतात, पण मग एका ट्रॅकवर आलेल्या आवाजांना अंतिम मिक्समध्ये डावं-उजवं वेगळं करता येत नाही.

प्रश्न : बाउन्सनंतर सरसर फार वाढली. (लोकमान्य नगर, इंदूर)

उत्तर : सारख्या सरसरीचे दोन ट्रॅक मिळाले की ती ३ डेसिबलने वाढते, तीन मिळाले की सुमारे ४.८ ने. मूळ ट्रॅक फिका घेतला असेल तर बाउन्समध्ये फेडर चढवावा लागतो आणि सरसरही चढते, म्हणून पहिल्यांदाच भरपूर पातळी घ्या. अंतऱ्यात कोरस गप्प असेल तेव्हा त्याचे फेडर खाली ओढा. पंखा आणि कूलर बंद हवेत, कारण त्यांची घरघर प्रत्येक माइकमधून येऊन साचते. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, कॅसेट टाइप टू (क्रोम) ची सी-६०, म्हणजे दोन्ही बाजू मिळून साठ मिनिटांची, घ्या. दुप्पट वेगाने, सेकंदाला ९.५ सेंटिमीटरने, चालणाऱ्या यंत्रावर ती १५ मिनिटंच चालते, आणि चारही ट्रॅक एकाच दिशेने असल्याने उलटून वापरता येत नाही.

प्रश्न : रात्री घेतलेल्या पेटीवर दुपारी बासरी चढी लागते.

उत्तर : हवा तापली की बासरीचा सूर चढतो, पेटीचा जवळजवळ नाही. शक्यतो दोन्ही एकाच वेळेला घ्या. नाहीच जमलं तर पिच कंट्रोल, म्हणजे टेपचा वेग बदलणारं बटण, किंचित वाढवून टेप बासरीशी जुळवा, त्याच वेगावर बासरी घ्या आणि मग बटण मध्यावर आणा. बासरी थेट घेत असाल तर तो संपूर्ण बाउन्स एकाच वेगावर व्हायला हवा, मध्येच बटणाला हात लावू नका.