बाजारातलं फळ पिकलेलं कसं ओळखायचं? तुमचे प्रश्न

प्रश्न : ताई, दिसायला एकदम मस्त, लालबुंद, चकचकीत फळं बघून आणते आणि घरी कापली की निम्मी फिकी निघतात. आंबा दोन-तीन दिवस ठेवला की ठीक होतो, पण अननस आणि द्राक्षं कितीही ठेवा, गोड होतच नाहीत. माझं काय चुकतंय?

उत्तर : चुकतंय एवढंच की सगळ्या फळांना तुम्ही एकच नियम लावताय. काही फळं तोडल्यावरही पिकत राहतात: केळी, आंबा, पपई, चिकू, पेरू, सीताफळ, पेर, किवी. आणि काही फळं झाडावरून तोडली की संपलं, त्यात आहे तेवढीच गोडी: द्राक्षं, संत्रं, मोसंबी, डाळिंब, अननस, स्ट्रॉबेरी, लिची, कलिंगड. फळ हातात घेतलं की मी आधी मनात हेच विचारते, हे घरी पिकणार आहे का नाही? खरं सांगते, बाकी सगळ्या युक्त्या यानंतरच्या.

कारण असं की कच्च्या केळ्यात स्टार्चचा साठा भरपूर असतो, पिकताना त्याची साखर होते, आणि हे सगळं सुरू करतो तो इथिलीन नावाचा वायू, जो फळ स्वतःच सोडत असतं. अननसात असा साठाच नसतो, त्याला गोडी मिळते ती झाडावर असेपर्यंतच. मी एकदा एक हिरवट अननस पाच दिवस ओट्यावर ठेवला, साल छान पिवळी झाली, खालून थोडा मऊही पडला, पण कापला तर आंबट तो आंबटच. तेव्हापासून अननस घेताना बुडाशी नाक लावते, तिथे गोड वास आला तरच घ्यायचा, काहीच वास नसेल तर ठेवून द्यायचा आणि आंबूस, दारूसारखा वास आला तर तो उतरलाय समजायचं.

द्राक्षांचं देठ बघा. देठ हिरवं, लवचिक असेल तर घड ताजा. तपकिरी, वाळकं असेल आणि घड हलवल्यावर मणी गळत असतील तर जुना. मण्यांवर पांढरट थर दिसतो तो बहुतेक वेळा द्राक्षाचा स्वतःचा मेणासारखा थर असतो, त्यावरून घड नाकारू नका (धुवून मात्र घ्याच).

आणि आंब्याची लाली, तिच्यावर तर अजिबात जाऊ नका. ती जातीवर आणि ऊन कुठल्या बाजूला लागलं यावर असते. काही जाती पिकल्या तरी हिरव्याच राहतात. देठाजवळचे खांदे भरून वर आलेत का, आणि तिथे वास येतोय का, हे बघायचं.

प्रश्न : कलिंगड वाजवून बघतात सगळे, मला तर सगळ्यांचा आवाज सारखाच वाटतो. दुसरं काही आहे का?

उत्तर : आहे, आणि आवाजापेक्षा सोपं आहे. कलिंगड उलटं करा. जमिनीला टेकलेल्या बाजूला एक डाग असतो. तो लोण्यासारखा पिवळसर असेल तर ते वेलावर नीट राहिलंय, पांढरट किंवा फिकट हिरवा असेल तर लवकर तोडलंय. लोक नेमकी हीच बाजू खाली ठेवून वरची हिरवीगार बाजू बघत बसतात! मग एकाच आकाराची दोन कलिंगडं दोन हातात घ्या आणि जड लागेल ते निवडा, कारण कलिंगडात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं आणि हलकं लागलं म्हणजे ते सुकायला लागलंय किंवा आत पोकळ आहे. चकाकी पण बघा, तयार फळाची साल जरा मंद दिसते, आरशासारखी चमकणारी बहुतेक कच्ची. वाजवायचंच असेल तर खोल, भरीव आवाज हवा, पण मी त्याला शेवटचा नंबर देते.

घरी आणल्यावर कापायच्या आधी साल धुवा, नाहीतर वरची घाण सुरीबरोबर आत गरात जाते.

प्रश्न : हिरवी संत्री कच्ची असतात ना?

उत्तर : असं काही नाही. संत्र्याला केशरी रंग यायला रात्रीचा गारवा लागतो, उबदार हवेत पिकलेलं संत्रंही हिरवं राहू शकतं. वजन बघा, जड म्हणजे रसाळ. डाळिंबालाही हेच लागू, आणि डाळिंब एकदम गुळगुळीत गोल असण्यापेक्षा जरा कोनाकोनाचं असेल तर जास्त चांगलं, आत दाणे भरून सालीला दाबतात म्हणून तसं होतं.

प्रश्न : फळं दाबून बघितली की फळवाले रागावतात. मग कळणार कसं?

उत्तर : त्यांचा राग बरोबर आहे हो. अंगठ्याने दाबलं की आतला गर चेचला जातो, वरून काही दिसत नाही आणि दुसऱ्या दिवशी तिथे काळा डाग, आणि ते फळ कुणाच्या तरी घरी जातं. फळ पूर्ण तळहातावर घ्या आणि हलकेच तोला, मऊपणा कळतो. चिकूला तर दाबायचीही गरज नाही, सालीवरची तपकिरी भुकटी नखाने जरा पुसा, खाली हिरवं दिसलं तर तो कोवळा तोडलाय आणि घरी मऊ पडला तरी चीक आणि तुरटपणा राहतो, पिवळसर दिसलं तर बिनधास्त घ्या. फक्त विचारून करा, कुणी नाही म्हणत नाही.

प्रश्न : कार्बाइडने पिकवलेला आंबा बघून ओळखता येतो का?

उत्तर : खात्रीने नाही, हे स्पष्टच सांगते. शंका घ्यायची ती अशी: रंग सगळीकडे एकसारखा पिवळा, पण वास नाही, आणि कापल्यावर आत कडक, आंबट. कार्बाइडला ओल लागली की अ‍ॅसिटिलीन वायू सुटतो, तो इथिलीनसारखं काम करतो, पण त्या कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असू शकतात, म्हणून ते वाईट. इथिलीन वापरून पिकवलेल्या फळाची मात्र भीती नको, तो वायू फळाचा स्वतःचाच. मला विचाराल तर आंबा थोडा कडक पण भरलेला घ्यावा आणि घरी पिकवावा.

प्रश्न : मग घरी पटकन कसा पिकवायचा? फ्रीजमध्ये ठेवू का?

उत्तर : कच्चं असताना फ्रीज नको, पिकणं तिथेच अडकतं. केळ्याला तर साधारण १३ अंशाच्या खालची थंडी सोसतच नाही, साल काळी पडते. कागदी पिशवीत एक पिकलेलं केळं किंवा सफरचंद टाका, दोन्ही इथिलीन भरपूर सोडतात, आणि पिशवीचं तोंड दुमडून ठेवा. प्लॅस्टिक नको, आत घाम धरतो आणि बुरशी येते. रोज एकदा उघडून वास घ्या, देठापाशी गोड वास सुटला की काढून फ्रीजमध्ये टाका आणि दोन-तीन दिवसांत खाऊन टाका.