नॅनोच्या बातमीसाठी ऑपरेशन पुढे ढकलू नका

दादा, पहिले सरळ उत्तर: थांबू नका.

वडिलांच्या गालात आतून गाठ आहे, तुकडा तपासून कॅन्सर निघाला, डॉक्टरांनी ऑपरेशन आणि नंतर शेक (रेडिएशन) सांगितला. त्यात पेपरात बातमी आली की एका शास्त्रज्ञाने सोन्याच्या नॅनोकणांतून, म्हणजे अतिसूक्ष्म कणांतून, औषध पाठवून उंदरांमधली गाठ विरघळवली. म्हणून शेतातला कापूस निघेपर्यंत थांबून तेच औषध घ्यावं का, असं तुम्ही विचारता. तोंडाच्या कॅन्सरमध्ये तेवढे महिने म्हणजे गाठ जबड्याच्या हाडात किंवा मानेत उतरायला भरपूर वेळ. आज जी कापून निघते ती तेव्हा निघेलच असं नाही.

बातमी खोटी आहे असं मात्र मी म्हणत नाही. नागपुरात केमोची औषधं तयार करणाऱ्या खोलीत मी वर्षानुवर्षं नोकरी केली, तिथे नॅनो औषधं रोज हाताखालून जायची. डॉक्सोरुबिसिन नावाचं जुनं लाल औषध आहे. कॅन्सरवर चांगलं, पण एकूण डोस वाढत गेला की हृदय कमजोर करतं. तेच औषध चरबीच्या अतिसूक्ष्म पिशवीत भरलं की त्याला लायपोसोमल म्हणतात. ही पिशवी साधारण 100 नॅनोमीटरची; केसाची जाडीच 80 हजार ते 1 लाख नॅनोमीटर असते. अमेरिकेत याला 1995 मध्ये मंजुरी मिळाली, आणि आता आपल्याकडच्या कंपन्याही ते बनवतात. साधी बाटली उजेडात धरली तर लाल काचेसारखी आरपार दिसते, लायपोसोमलची धुरकट. ती ग्लुकोजच्या सलाईनमध्येच मिसळायची, मिठाच्या नाही. फ्रीजमध्ये ठेवायची, पण गोठू द्यायची नाही. नातेवाईक स्वस्त मिळाली म्हणून थेट बर्फात दाबून आणत. गोठली तर त्या पिशव्या बिघडू शकतात आणि पैसे पाण्यात.

कपाशीत तणनाशक मारताना आपण नोझलला हूड लावतो ना, तसंच हे. औषध तेच, फक्त कुठे पडेल ते बदलतं. आणि हूड लावूनही थोडं उडतंच.

किती उडतं? असे कण गाठीत का साठतात याची मूळ कल्पना 1986 ची, मात्सुमुरा आणि माएदा या जपानी संशोधकांची. गाठीतल्या रक्तवाहिन्या घाईघाईत वाढलेल्या असतात, त्यांना फटी असतात, त्यातून हे कण गाठीत झिरपतात. उंदरात हे फार छान दिसतं, कारण तिथे गाठ काही आठवड्यांत फुगवलेली असते. माणसाची गाठ वर्षानुवर्षं वाढलेली, तिच्या वाहिन्या तशा नसतात. एकाच रोग्याच्या दोन गाठींतही फरक पडतो. 2016 मध्ये टोरांटोच्या संशोधकांनी आधीच्या दहा वर्षांतले प्राण्यांवरचे प्रयोग एकत्र मांडले, तर टोचलेल्या डोसपैकी गाठीत पोचणारा भाग निघाला सुमारे 0.7 टक्के. बाकीचं बरंचसं यकृत आणि प्लीहा गिळून टाकतात. तरीही फायदा होतो, कारण हृदयावरचा मार कमी होतो. फक्त "गाठीलाच लागतं, बाकी अंगाला काहीच नाही" हे पेपरवाल्यांचं वाक्य सोडून द्या. लायपोसोमलमध्ये तळहात-तळपायाची कातडी लाल होऊन सोलते. निंदणाला जाणाऱ्या बाईला हा त्रास लहान वाटत नाही.

दुसरं औषध पॅक्लिटॅक्सेलचं, अल्ब्युमिन या प्रथिनात बांधलेलं, 2005 चं. साधं पॅक्लिटॅक्सेल पाण्यात विरघळत नाही. ज्या द्रावणात विरघळवतात त्याचीच अॅलर्जी येते, म्हणून आधी स्टिरॉइड द्यावं लागतं. या नव्या प्रकारात ते द्रावणच नाही. पण या दोन्हींचा मुख्य वापर स्तन, अंडाशय, फुफ्फुस, स्वादुपिंड अशा कॅन्सरमध्ये. गालाच्या कॅन्सरला आजही पहिलं ऑपरेशन, मग गरजेप्रमाणे शेक, आणि कोणाकोणाला शेकासोबत सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध.

अशी बातमी वाचली की एवढंच शोधायचं: प्रयोग उंदरावर की माणसावर? उंदरावर असेल तर औषध मेडिकलमध्ये यायला वर्षं लागतात, आणि बरीचशी मध्येच गळतात. या बातम्यांचा फायदा घेऊन सोन्याची भस्मं "नॅनो" म्हणून विकणारे आपल्या तालुक्यापर्यंत पोचलेत. त्यांच्या पुडीचा या संशोधनाशी काडीचा संबंध नाही.

तुम्ही आता करायचं ते असं. तुकड्याचा रिपोर्ट, स्कॅन, आधार आणि रेशनकार्ड घेऊन सरकारच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेतल्या रुग्णालयात जा. भरती व्हायच्या आधी तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनीसाला) विचारा की हे ऑपरेशन योजनेत बसतं का. नागपूरचं तुकडोजी कॅन्सर रुग्णालय किंवा सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय, जे जवळ पडेल ते. वेचणीला गावातलं कोणी बघेल. वडिलांचा खर्रा (तंबाखू-सुपारी) आजपासून बंद, "थोडाच खातो" हेही बंद. आणि शेकाआधी दातांच्या डॉक्टरला नक्की दाखवा. किडके दात तेव्हाच काढून घ्यायचे असतात. शेकानंतर दात काढला तर जबड्याची जखम लवकर भरत नाही, कधी हाडच सडतं.